सातवी भाकर : ख्रिस्ती माणसाने स्वतःवर प्रीती करायची ती कशी

बुधवारी दुपारी आमच्या गावात बायकांची प्रार्थना असते. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, ख्रिस्ती घरं मोजकीच, त्यामुळे कोणाचीही छपरी बसायला पुरते. वचन वाचून झालं की मी कधीकधी विचारते, "काल रात्री भाकरी किती थापल्या?"

एकदा एक सून म्हणाली, "बारा."

"घरात माणसं किती?"

"सात."

"दोन-दोन धरल्या तर चौदा होतात ना?"

ती हसली. "माह्या कायले मोजू सिस्टर? उरलं तं खातो, नाही तं चहा पेतो."

सगळ्याजणी हसल्या, कारण प्रत्येकीच्या घरी हाच हिशोब. मीही हसले. मिशन दवाखान्यात 31 वर्षं नर्स म्हणून काढली, तेव्हा माझाही हिशोब असाच होता. तापाच्या साथीत दोन-दोन ड्युट्या करत होते. एका रात्री सलाईन लावता लावता डोळ्यांपुढे अंधार आला आणि मी पेशंटच्याच खाटेवर बसले. सकाळी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 7.2. बाईचं किमान 12 तरी हवं, हे मी रोज दुसऱ्यांना सांगत होते. त्यांच्या पापण्या ओढून बघत होते. स्वतःची पापणी कधी ओढून पाहिली नव्हती, आणि यालाच मी सेवा समजत होते.

स्वतःवर प्रीती म्हटलं की आपल्या लोकांना आरसा, पावडर आणि मोबाईलमधले फोटो आठवतात. माझं म्हणणं साधं आहे : देवाने तुम्हाला मोजलंय, तर तुम्ही तुमच्या मोजणीतून स्वतःला वगळू नका. ते रोजच्या जगण्यात कसं जमवायचं, ते क्रमाने सांगते.

पहिली पायरी : मोजणी नीट समजून घ्या

"तू आपल्या शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर." मार्क 12:31. प्रभू येशूने ही आज्ञा लेवीय 19:18 मधून उचलली, म्हणजे त्याच्याही आधीपासूनची आहे. यातला 'आपल्यासारखी' हा शब्द आपण घाईने वाचून जातो. तो माप आहे. पूर्वी घरोघरी धान्य मोजायला पायली असायची. पायलीचं बूड चेपलेलं असेल तर घेणाऱ्याच्या पदरातही कमीच पडतं. स्वतःला हाडतहुडुत करणारी सासू सुनेशी गोड वागलेली मी फारशी पाहिली नाही.

यावर दोन हरकती नेहमी येतात, आणि दोन्ही रास्त आहेत. 2 तीमथ्य 3:2 मध्ये शेवटच्या काळातली माणसं स्वतःवरच प्रेम करणारी, धनलोभी असतील असं म्हटलंय. आणि लूक 9:23 मध्ये प्रभू स्वतःचा नाकार करून क्रूस उचलायला सांगतो. मग?

लूक 12 मधला तो श्रीमंत शेतकरी आठवा. पीक अमाप आलं, कोठारं पाडून मोठी बांधायचं ठरलं, आणि स्वतःच्या जिवालाच म्हणतो, खा, पी, मजा कर. त्याच्या मोजणीत माणूस एकच, तो स्वतः. तीमथ्याच्या पत्रातला इशारा अशांसाठी आहे. आमच्या सुनेच्या मोजणीत सगळे आहेत, फक्त ती नाही. तिला वाटतं हाच नाकार. पण नाकार करायला आधी देण्यासारखं काही हातात असावं लागतं. योहान 10:18 मध्ये प्रभू म्हणतो की माझा प्राण कोणी माझ्यापासून घेत नाही, मी होऊन तो देतो. जाणूनबुजून दिलेलं वेगळं आणि ओरबाडून नेलेलं वेगळं. सात माणसांच्या घरात एक धरणारा चुकला, तसा सहा धरणाराही चुकला.

12व्या शतकात फ्रान्समध्ये क्लेअरव्होच्या मठाचे प्रमुख बर्नार्ड यांनी प्रीतीच्या चार पायऱ्या सांगितल्या होत्या. पहिली, माणूस स्वतःसाठी स्वतःवर प्रीती करतो. दुसरी, स्वतःच्या फायद्यासाठी देवावर. तिसरी, देवासाठी देवावर. शेवटची आणि सगळ्यांत अवघड पायरी कोणती, तर देवासाठी स्वतःवर प्रीती करणं. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, सांगणाऱ्याने क्रम उलटा सांगितला.

आता चिमण्यांचा हिशोब. मत्तय 10:29 मध्ये एका दमडीला दोन चिमण्या. लूक 12:6 मध्ये दोन दमड्यांना पाच. दोनाला चार व्हायला हव्यात, मग पाचवी कुठून आली? आमच्या आठवडी बाजारात भाजीवाली वांगी-टमाटे तोलून झाल्यावर वरून सांबाराच्या चार काड्या टाकते, तशी. (बाहेरचे लोक सांबाराला कोथिंबीर म्हणतात.) पाचवी चिमणी वरची, फुकटची, हिशोबात नसलेली. आणि प्रभू म्हणतो, त्यांच्यातल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही. बाजाराने जिला मोजलं नाही तीही देवाच्या मोजणीत आहे. मोठ्या घरातली धाकटी सून, चार मुलींवरची पाचवी, सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई, यांना ही चिमणी समजावून सांगावी लागत नाही.

दुसरी पायरी : आठ दिवस नुसतं पाहा

लगेच काही बदलायला जाऊ नका. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला रोज रात्री दोनच ओळी लिहा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला सांगा, किंवा रेघा ओढा.

एक : आज कुठे मी मला मोजलं नाही? न्याहारी राहिली, चप्पल तुटलेली असूनही चालवली, पाठ दुखत असून "काही नाही" म्हटलं, सगळ्यांना नाताळचे कपडे घेतले आणि स्वतःला नाही.

दोन : आज मी मला काय म्हणालो? मोठ्याने किंवा मनात, शब्द जसा निघाला तसाच लिहायचा.

पुरुषांची यादी वेगळी निघते. ते जेवलेले असतात. त्यांच्या कागदावर "बायकोला कर्जाचं सांगितलं नाही", "रात्री दोनला जाग आली", "खर्रा सहा पुड्या" (खर्रा म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण) असलं असतं. एका भावाने आठही दिवस एकच शब्द लिहिला होता : नालायक. पऱ्हाटी (कपाशी) पिवळी पडली तरी नालायक, पंपाची मोटार जळली तरी नालायक.

आठव्या दिवशी कागद देवापुढे ठेवून वाचा. रडू आलं तर येऊ द्या.

तिसरी पायरी : ताट

धर्माच्या लेखात ताट कशाला, असं ज्याला वाटेल त्याने 1 राजे 19 उघडावं. एलीया संदेष्टा थकलाय, घाबरलाय, रानात झुडपाखाली बसून मरण मागतोय. देवाचा दूत येतो आणि काय करतो? उपदेश करत नाही. विश्वास कमी पडला म्हणत नाही. त्याला शिवून म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. आपल्याकडे गोवऱ्यांच्या आरावर पानगे भाजतात, त्यातलाच प्रकार समजा. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. दूत त्याला झोपू देतो. मग दुसऱ्यांदा उठवून पुन्हा जेवायला लावतो, कारण पुढची वाट त्याच्या ताकदीबाहेरची आहे. त्या जेवणाच्या जोरावर तो 40 दिवस चालतो. देवाचा प्रश्न, "एलीया, तू इथे काय करतोस?" हा त्यानंतरचा. आधी भाकर, मग झोप, मग पुन्हा भाकर, आणि मगच प्रश्न.

तर पीठ मळतानाच स्वतःच्या धरून भाकरी मोजा. "उरलं तर" हा शब्द स्वयंपाकघरातून काढून टाका. भाजी वाढताना आपला वाटा आधी एका वाटीत काढून झाकून ठेवा. आपण सगळ्यांच्या शेवटी जेवलो तरी वाटी भरलेली राहते. ही युक्ती मी स्वतः वापरते. सासूबाई घरात असतील तर पहिल्या दिवशी त्यांचीही वाटी भरून झाकून ठेवा, म्हणजे बोलणं बसत नाही. त्यांनीही 40 वर्षं उरलंसुरलंच खाल्लेलं असतं.

दुसरं, बसून खा. ओट्याशी उभ्याने, एका हातात झारा आणि एका हातात घास, असं नको. आपण प्रार्थना करून अन्नाला आशीर्वाद मागतो आणि मग ते चोरल्यासारखं खातो, हे मला अजून कळलेलं नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी न खाता वावरात जाणाऱ्या बायांनी निदान रात्रीची भाकर ताकात कुस्करून खावी, किंवा गूळ-फुटाणे ओटीत बांधून न्यावेत. लोहाच्या गोळ्या उपकेंद्रात मिळतात. त्या चहासोबत घेऊ नका, चहामुळे लोह अंगी लागत नाही. तासा-दोन तासांचं अंतर ठेवा, लिंबू किंवा आवळा सोबत असला तर उत्तम. गोळीने शौच काळी होते, तिला घाबरून गोळी बंद करू नका.

चौथी पायरी : आपण स्वतःला कोणत्या नावाने हाक मारतो

कॅलेंडरच्या मागचे शब्द आता पुन्हा वाचा. करमफुटी, अडाणी, बिनकामाचा, काळी, ओझं. प्रत्येक शब्दापुढे लिहा, हा पहिल्यांदा कोणी म्हटला होता. बापाने, मास्तरने, नवऱ्याने, गावाने. देवाने म्हटलेला एकही शब्द त्यात सापडत नाही.

गावाने, हे जरा थांबून सांगते. आमच्यातल्या बऱ्याच घरांच्या आजा-पणज्यांना विहिरीवर पाणी घेऊ देत नव्हते. चहाची कपबशी वेगळी असायची. बाप्तिस्मा झाला, पोरं शिकली, पक्की घरं झाली, तरी काही माणसं अजून दुसऱ्याच्या घरी खुर्चीच्या काठावर बसतात. हा नम्रपणा नाही, ही जुनी जखम आहे. उत्पत्ति 1:27 सांगतं की देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपाचा निर्माण केला, पुरुष आणि स्त्री दोघांनाही. गावाने लावलेलं माप या वचनापुढे टिकत नाही. खुर्चीवर पाठ टेकून बसा. ही माझ्या लेखी एक आध्यात्मिक कसरतच आहे, आणि वाटते तितकी सोपी नाही.

1896-97च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात आल्या होत्या. त्या वेळी नागपूरही त्याच प्रांतात होतं. उपाशी, टाकून दिलेल्या मुली आणि विधवा त्यांनी केडगावला नेल्या. ज्यांना घरात पांढऱ्या पायाच्या म्हणत, त्या तिथे अक्षरं शिकल्या, विणकाम शिकल्या, शेती आणि छापखान्यातली कामंही. "तू देवाची लेक आहेस" हे रमाबाईंनी नुसतं तोंडाने सांगितलं नाही. हातात पाटी दिली आणि ताटात भात वाढला.

करायचं ते एवढंच : स्तोत्र 139 मधलं 13वं आणि 14वं वचन रोज सकाळी तोंड धुताना म्हणा, आणि आपल्या बोलीत म्हणा. पुस्तकी मराठी तोंडावर राहते, आत उतरायला वेळ लागतो. आमची एक मावशी म्हणते, "देवा, माह्या मायच्या पोटात तूच मले घडवलं. तुह्या हातचं काम हाय मी, खराब कसं असन?" आरशापुढे उभं राहून "मी सुंदर आहे, मी सुंदर आहे" म्हणायला मी कोणाला लावत नाही. आपल्या माणसाला त्यात हसूच येतं.

पुरुषांसाठी एक वाक्य वेगळं. 2017 साली गुलाबी बोंडअळीने उभी पऱ्हाटी नासवली तेव्हा चांगली चांगली माणसं खाली मान घालून फिरत होती, जणू अळी त्यांनीच सोडली होती. एकरी किती क्विंटल झाला हा कापसाचा हिशोब आहे, तुमचा नाही. शब्द सापडत नसतील तर एवढंच म्हणा : "पीक गेलं, मी नाही."

पाचवी पायरी : जुनं पाप

काहींना स्वतःविषयी जे वाईट वाटतं त्याला खरंच कारण असतं. दारूत घर घातलं, भावाची धुऱ्यावरची तास कोरली (म्हणजे बांधालगतची त्याची जमीन आपल्यात ओढली), कोणाच्या तरी लेकराचं वाईट केलं. अशा माणसाला "स्वतःवर प्रेम कर" सांगणं म्हणजे पू न काढता पट्टी बांधणं. आधी जखम साफ करावी लागते.

पापाचं नाव घ्या, नेमकं. "प्रभू, माझ्या सगळ्या पापांची क्षमा कर" ही प्रार्थना फार ढोबळ आहे. ज्याचं नेलं त्याचं परत करा, लूक 19 मधल्या जकातदार जक्कयासारखं. त्याने चौपट द्यायचं कबूल केलं होतं, तुम्ही निदान मुद्दल तरी द्या. एका विश्वासू माणसापुढे बोला, याकोब 5:16 तेच सांगतं. माणूस मात्र जपून निवडा, ज्याच्या पोटात गोष्ट राहते असा. आणि 1 योहान 1:9 प्रमाणे एकदा क्षमा झाली की तेच पाप दर रविवारी उकरून काढू नका.

शिष्य पेत्राने प्रभूला तीनदा नाकारलं ते कोळशाच्या शेकोटीपाशी, योहान 18:18. पुन्हा उठलेला प्रभू तिबेर्या सरोवराच्या किनाऱ्यावर त्याला भेटतो तेव्हा पुन्हा कोळशाचा विस्तव, त्यावर मासे आणि भाकर. सगळ्यांना आधी न्याहारीला बसवतो. मग तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? प्रत्येक वेळी काम सोपवतो. शिक्षा एकदाही सांगत नाही.

हे झाल्यावरही मन खात राहिलं तर 1 योहान 3:20 वाचा. आपलं मन आपल्याला दोषी ठरवतं, पण देव आपल्या मनापेक्षा मोठा आहे.

सहावी पायरी : 'नाही' म्हणणं

चांगल्या शोमरोनीची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, पण तिचा शेवट कोणी सांगत नाही. त्याने वाटेत लुटलेल्या माणसाच्या जखमा बांधल्या, जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, एक रात्र सेवा केली. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन नाणी दिली, जास्त लागलं तर परत येताना देईन म्हणाला, आणि आपल्या कामाला निघून गेला. तिथेच मुक्काम ठोकला नाही. मार्क 1 मध्ये सगळं गाव प्रभूला शोधतंय, आणि तो पहाटेच एकांतात प्रार्थनेला गेलेला. शिष्य म्हणतात, सगळे तुम्हाला शोधतायत. तो म्हणतो, चला, दुसऱ्या गावांना जाऊ.

आपल्याकडे तोंडावर 'नाही' म्हणणं उद्धट दिसतं, म्हणून वाक्यं आधीच तयार ठेवा. "आत्याबाई, आज पाठ धरली आहे, पाणी मोठ्या पोराला सांगते." "पाळक साहेब, या महिन्यात दोन ठिकाणची सेवा जमणार नाही, एक धरते." "भाऊ, उद्या येतो, आज नाही." कारण एकच सांगा. दोन कारणं सांगितली की समोरचा त्यातलं एक सोडवून देतो आणि तुम्ही अडकता.

पुरुषांचं मोठं 'नाही' सोसायटीत असतं : दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहणं. मैत्रीखातर सही करून स्वतःचं वावर गमावलेली माणसं प्रत्येक गावात आहेत. नीतिसूत्रे 6 मध्ये अशी सही करून बसलेल्याला स्पष्ट सांगितलंय की पारध्याच्या हातून हरिण सुटतं तसा स्वतःला सोडव. तेव्हा "शास्त्रात मना आहे बापा" हे उत्तर खरंही आहे आणि उपयोगीही.

नवऱ्याचा मार खाणं हा क्रूस नाही. कोणी तसं सांगत असेल तर त्याचं ऐकू नका, मग तो कोणीही असो. महिलांसाठी 181 हा मोफत नंबर आहे, तातडीला 112.

सातवी पायरी : विसावा

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. हळद आणि लोणी चोळतात आणि म्हणतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." आमच्या घरी पूजा नसते, पण खांद शेकणी कधी चुकली नाही. सासरे स्वतः कोमट पाण्याने खांदा धुवायचे, जू घासून सोललेल्या जागी बोटाच्या टोकाने लोणी लावायचे, आणि बैल मान खाली घालून डोळे मिटायचा. त्या सगळ्या वेळात सासूबाई चुलीपुढे असायच्या. त्यांच्या खांद्याला कोणी लोणी लावलेलं मी पाहिलं नाही. मीही लावलं नाही.

अनुवाद 5:14 मध्ये शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्यातल्या सुट्टीच्या पवित्र दिवसाच्या, विसाव्याची यादी आहे : तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, जनावरं, वेशीच्या आतला परका. बायकोचं नाव यादीत नाही, हे मी एकदा प्रार्थनेत बोलून दाखवलं. पाळक साहेब म्हणाले, "अहो, 'तू' म्हटल्यात ती आलीच." मी म्हटलं, मग रविवारी ती भांडी का घासते? त्यांनी पुढचं गीत सुरू केलं.

पेरणी आणि वेचणीच्या दिवसांत पूर्ण रविवार रिकामा ठेवणं मजुरीवाल्याला जमत नाही, ते मी मागतही नाही. आठवड्यात दोन तास ठरवा, वेळ आणि जागा नेमकी. उपासनेहून आल्यावर बारा ते दोन म्हणा. शनिवारी संध्याकाळीच रविवारची भाजी चिरून ठेवा. त्या दोन तासांत फोन नाही, कपडे धुणं नाही, आणि दुसऱ्याच्या घरची प्रार्थना-सभाही नाही. झोपा. मार्क 6:31 मध्ये प्रभू शिष्यांना एकांतात चला, थोडा विसावा घ्या म्हणाला, कारण येणारे-जाणारे इतके होते की त्यांना जेवायलाही सवड नव्हती. वाचून वाटतं, तो आमच्या गावात येऊन गेला असावा.

आठवी पायरी : शरीर

1 करिंथ 6:19 प्रमाणे शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे. आम्ही सिमेंटच्या मंदिराला दर नाताळला चुना मारतो. या मंदिराची निदान तपासणी तरी करा. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा बीपी आणि साखर उपकेंद्रात, म्हणजे आता ज्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात तिथे, फुकट तपासतात. बायकांच्या स्तनांची आणि गर्भाशयाच्या तोंडाची तपासणीही त्याच योजनेत आहे. बीपी 140/90 किंवा वर असला तर दोन-तीनदा वेगवेगळ्या दिवशी मोजून डॉक्टरांना भेटा.

खर्रा. विदर्भातल्या ख्रिस्ती लेखात यावर लिहायचं नाही तर कशावर? दारूविरुद्ध आपल्याकडे दर महिन्याला संदेश होतो, आणि संदेश ऐकणाऱ्याच्या खिशात पन्नी असते. सुपारी आणि तंबाखूने तोंडाची कातडी आतून आवळत जाते. स्वतःची तीन बोटं उभी धरून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये घालून पाहा. जात नसतील, किंवा तोंडात पांढरा-लाल डाग, दोन आठवड्यांत न भरलेला फोड असेल, तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. एकदम सुटत नसेल तर पहिली पुडी एक तास उशिरा, पुढच्या आठवड्यात दोन तास, असं ढकलत जा. दहापैकी सात जण घसरतात असं मी सांगितलं तर तो आकडा माझ्या मनातला असेल, पण घसरणारे पुष्कळ असतात हे खरं. घसरलात तर पाचवी पायरी पुन्हा वाचा.

नववी पायरी : मन बुडायला लागलं तर

हे घरातल्या सगळ्यांनी वाचावं. दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, कशातच जीव नाही, "मी नसलो तं बरं होईन" असे शब्द निघतायत, तर तो विश्वासाचा कमीपणा नाही, आजार आहे. एलीयाला जे झालं ते तुम्हाला होऊ शकतं. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतात. प्रार्थना करा आणि गोळीही घ्या. दोन्ही एकाच देवाकडून येतात.

घरच्यांनी एक काम आजच करावं. फवारणीची औषधं घरात, खाटेखाली ठेवू नका. पेटीत कुलूप लावून, किल्ली दुसऱ्याकडे. कोणी मरणाची भाषा करत असेल तर "असं बोलू नको" म्हणून तोंड बंद करू नका. सरळ विचारा, जीव द्यायचा विचार येतो का? विचारल्याने तो विचार वाढत नाही. मग त्या माणसाला एकटं सोडू नका, रात्री कोणीतरी जवळ झोपा आणि सकाळी सोबत दवाखान्यात जा.

कुठून सुरू करायचं

सगळं एकदम धरू नका. माझ्या अनुभवात ताटापासून सुरू केलेलं टिकतं, खर्ऱ्यापासून सुरू केलेलं तिसऱ्या दिवशी मोडतं. पहिला महिना कागद आणि भाकरी. दुसऱ्या महिन्यात वचन आणि दोन तासांचा विसावा. 'नाही' म्हणणं तिसऱ्या महिन्यात. पोटात अन्न आणि अंगात थोडं रक्त आल्याशिवाय आवाज निघत नाही. पाचवी आणि नववी पायरी मात्र महिन्यांच्या रांगेत उभ्या करू नका. गरज पडली त्याच दिवशी.

घरचे बोलतील. "हल्ली लय स्वतःचं पाहते" हे वाक्य पहिल्या पंधरा दिवसांत येतंच. त्या दिवशी वाद घालू नका, बोलणाऱ्याला गरम भाकर वाढा आणि आपलीही तव्यावर टाका.

रक्त तपासायला उपकेंद्रावर सकाळी लवकर जा, उन्हं चढली की रांग वाढते आणि बाया परत फिरतात. आधी फोन करून सिस्टर आहेत का विचारून घ्या. जाताना शेजारणीच्या दारात थांबून तिलाही हाक मारा. मग ती कोणत्याही देवाची असो. तिनेही बाराच थापल्या असतील.